बॉक्स गेलाय म्हणतात, पण तपासला कुणी?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी साताऱ्याला राहते, शाळेत शिकवते. डाव्या गुडघ्याच्या दुखण्यामुळे क्लच दाबणं जमेना, म्हणून तीन वर्षांपूर्वी २०१७ची ऑटोमॅटिक सेडान सेकंडहँड घेतली. गिअरबॉक्स सीव्हीटी आहे. आता ७४ हजार किलोमीटर झालेत. आईला डोळ्यातल्या इंजेक्शनसाठी दर महिन्याला पुण्याला न्यावं लागतं, गाडी मीच चालवते. गेले दोन महिने सिग्नलवरून निघताना गाडी थरथरते. पुण्याहून परत येताना खंबाटकीच्या चढाला इंजिनचा आवाज चढतो आणि गाडी मात्र रेंगाळते. साठच्या पुढे घूं असा आवाजही येतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाले गाडीची एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, ‘बॉक्स गेलाय, असेंब्ली बदलावी लागेल, दोन लाख धरा.’ घराजवळचा मिस्त्री म्हणतो, ऑइल बदलून देतो, तीन हजारात काम होईल. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र सारखी झाली. ‘मिस्टरांचा नंबर द्या, त्यांच्याशी बोलतो,’ असं मला सांगितलं. भरवसा कुणावर ठेवू?

उत्तर

ताई, इतक्यात कुणावरच ठेवू नका. एकाने दोन लाख सांगितले, दुसऱ्याने तीन हजार, आणि गाडीखाली वाकून दोघांपैकी कुणीच पाहिलेलं दिसत नाही. मी एकोणीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढली, त्यातली निम्मी जॉब कार्ड लिहिण्यात गेली. तुमच्या पत्रात तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी असू शकतात. ‘थंड गाडी थरथरते की गरम झाल्यावर?’ एवढा एक प्रश्नसुद्धा कुणी विचारला नाही, आणि त्याचं उत्तर देऊ शकणारी व्यक्ती समोर उभी असताना मिस्टरांचा नंबर मागितला. मला याचा मनापासून राग आला. गिअरबॉक्सच्या कामात चालवणाऱ्याचं सांगणं हा अर्धा तपास असतो. जो चालवणाऱ्याचं ऐकत नाही, तो तपास करत नाही, हे गृहीत धरूनच पुढे चला.

गॅरेज शोधण्याआधी दोन-तीन गोष्टी स्वतः करून बघा. खर्च काही नाही.

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय घट्ट ठेवा आणि न्यूट्रलमधून डीमध्ये टाका. न्यूट्रलला शांत असलेली गाडी डीमध्ये टाकताच हादरत असेल, तर आधी इंजिनचं माउंटिंग बघायला हवं. गॅरेजवाले त्याला फाउंडेशन म्हणतात. त्यातलं रबर फाटलं की निघताना येणारी थरथर हुबेहूब गिअरबॉक्सची वाटते, आणि बॉक्सच्या मानाने त्याचा खर्च अगदी किरकोळ. न्यूट्रललाही गाडी अडखळत थरथरत असेल, तर प्लग, कॉइल किंवा थ्रॉटल बॉडीवर साचलेला कार्बन, इकडे संशय घ्यावा. ही दोन्ही कारणं नसतील, तेव्हाच जुनं झालेलं ऑइल आणि गिअरबॉक्स यांची पाळी येते.

आता साठच्या पुढचा तो आवाज. रस्ता मोकळा असेल तेव्हा त्याच वेगाला स्टिअरिंग हलकेच डावीकडे, मग उजवीकडे घ्या. एका बाजूला वळताना आवाज वाढला आणि दुसऱ्या बाजूला दबला, तर ते बहुतेक चाकाचं हब बेअरिंग असतं. वळताना वजन ज्या बाजूला पडतं तिकडचं बेअरिंग ओरडतं. बेअरिंगच्या आवाजावर गिअरबॉक्स उतरवलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. गाडी परत बसवून बाहेर काढली आणि आवाज होता तसाच.

खंबाटकीच्या चढाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तुमची काळजी तिथेच आहे. सीव्हीटीत ठरावीक गिअर नसतात. दोन पुल्या असतात, त्यांच्यामध्ये पोलादी पट्टा, आणि ऑइलच्या दाबाने पुल्या रुंद-अरुंद होत राहतात. चढाला इंजिनने जास्त ताकद द्यावी म्हणून हा बॉक्स त्याला वरच्या आरपीएमवर धरून ठेवतो. आवाज आधी चढतो, वेग मागून येतो. तो त्याचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. बिघाड कसा ओळखायचा? पाय ॲक्सिलरेटरवर एका जागी स्थिर ठेवा. आरपीएमचा काटा आपणहून उडी मारतोय, वेग त्याच वेळी पडतोय, आणि गाडी जितकी तापेल तितकं हे वाढतंय, असं झालं तर पट्टा घसरतोय असा संशय घ्यायचा. मग ती गाडी आईला घेऊन घाटात न्यायची नाही. पुढच्या इंजेक्शनला एसटीने जा किंवा ओळखीतली गाडी ठरवा, पण तपासणीआधी ही गाडी नको.

आता घराजवळच्या मिस्त्रीच्या तीन हजारांकडे येऊ. ऑइल बदलणं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. ७४ हजारांत ते एकदाही बदललेलं नसेल, तर कदाचित थरथरीचं कारण तेच निघेल. प्रश्न आहे तो कोणतं ऑइल, हा. सीव्हीटीतलं ऑइल पट्ट्याला नुसतं वंगण देत नाही, पट्टा आणि पुली यांच्यातली पकडही त्याच्यावर असते. होंडाच्या सीव्हीटीला एचसीएफ-२ लागतं, निसानच्या नव्या सीव्हीटींना एनएस-३, टोयोटाला सीव्हीटी फ्लुइड एफई. तुमच्या गाडीचं नाव तिच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे, ते वहीत उतरवून ठेवा. माझ्या थोरल्या बहिणीच्या सीव्हीटीत एका गॅरेजने डब्यातलं लाल एटीएफ, म्हणजे साध्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, भरलं. ‘हे सगळ्याला चालतं, ताई.’ बिलावर नुसतं ‘गिअर ऑइल’ असं लिहिलं होतं. चार महिन्यांत गाडी चढाला घसरायला लागली. बॉक्स उघडला तेव्हा मी तिथे होतो. पुलीच्या आरशासारख्या पृष्ठभागावर नखाला लागतील अशा रेघा उमटल्या होत्या. त्या मिस्त्रीने पैसे खाल्ले नव्हते, त्याला माहीतच नव्हतं. माहीत नसताना ‘चालतं’ म्हणणारा माणूस मला लबाडापेक्षाही धोक्याचा वाटतो, कारण तो इतका प्रामाणिक दिसतो की शंकाच येत नाही.

मग माहीतगार माणूस शोधायचा कसा? पाट्या आणि मोबाइलवरच्या रेटिंगच्या चांदण्या बघून नव्हे. साताऱ्यातल्या स्पेअर पार्टच्या मोठ्या दुकानात जा आणि काउंटरवरच्या माणसाला विचारा, ‘माझ्या गाडीचं हे सीव्हीटी ऑइल तुमच्याकडून कोणतं गॅरेज नेतं?’ कोण ओरिजिनल नेतं, कोण महिन्याला एक डबा नेतं, कोण कधीच नेत नाही, हे त्याला तोंडपाठ असतं. ज्याला हे काम येतं, त्याला ते ऑइल वरचेवर लागतं.

दुसरी वाट मला जास्त आवडते. आपल्याकडे अपंगत्वामुळे ऑटोमॅटिक चालवणारी माणसं शोधा. शहरांत ऑटोमॅटिकची हौस येण्याच्या कितीतरी आधीपासून ती या गाड्या चालवताहेत, गरज म्हणून. गाडी बंद पडली की त्यांचं घराबाहेर पडणंच थांबतं, त्यामुळे कोणता मिस्त्री खरोखर काम करतो हे त्यांनी पारखून घेतलेलं असतं. आरटीओत अपंगांच्या गाड्यांची कामं करणारे किंवा गाडीला हँड कंट्रोल बसवून देणारे कारागीर तुम्हाला अशा एक-दोन जणांपर्यंत नक्की पोचवतील.

आणि ज्या कोणत्या गॅरेजमध्ये जाल, तिथे सरळ विचारा, ‘गिअरबॉक्स तुम्ही इथेच उघडता की बाहेर पाठवता?’ बहुतेक गॅरेजेस बॉक्स उतरवतात आणि एखाद्या स्पेशालिस्टकडे धाडतात. त्यात कमीपणा काही नाही. पण तो कोण, कुठे, हे सांगायला का-कू करणाऱ्याकडे गाडी सोडू नका. सांगितलं तर त्या स्पेशालिस्टला स्वतः भेटून या. साताऱ्याजवळ कुणी नसेल तर पुणे, पिंपरी-चिंचवडला अशी वर्कशॉप्स आहेत, आणि पुण्याला तुम्ही तशाही जाता.

गाडी नेण्याआधी फोन करा. मॉडेल, वर्ष, किलोमीटर, लक्षणं एवढं सांगा आणि गप्प बसा. आता प्रश्न समोरून यायला हवेत. ऑइल शेवटचं कधी बदललं? थंड असताना होतं की गरम झाल्यावर? डॅशबोर्डवर दिवा लागला होता का? ‘या, बघू’ एवढंच म्हणाला, तर तुम्ही तीन प्रश्न विचारा. ऑइल कोणतं टाकणार, किती लिटर, आणि लेव्हल कशी बघणार? तिसरं उत्तर सगळ्यात बोलकं. बऱ्याच ऑटोमॅटिक बॉक्सना डिपस्टिक नसते. इंजिन चालू ठेवून ऑइल ठरावीक तापमानाला आलं की लेव्हलचा बोल्ट काढून बघावं लागतं. ‘काढलं तेवढं टाकायचं’ असं उत्तर आलं, तर आधीच कमी असेल तर काय, असं विचारा. अडखळला, तर फोन ठेवा.

स्कॅनरचंही विचारा. हल्ली पान टपरीएवढ्या गॅरेजमध्येही स्कॅनर असतो, पण साधा स्कॅनर इंजिनचीच भाषा वाचतो. त्यात पी०७०० असा कोड आला, तर त्याचा अर्थ इतकाच की गिअरबॉक्सच्या संगणकाला काहीतरी सांगायचं आहे. काय सांगायचंय, ते वाचायला त्या गाडीच्या ट्रान्समिशन मॉड्यूलपर्यंत पोचणारं यंत्र हवं. पी०७०० दाखवून ‘बघा, बॉक्स गेला’ म्हणणाऱ्याने पाकिटावरचा पत्ता वाचून पत्रातला मजकूर सांगितला, असं समजा.

चांगलं काम कसं दिसतं ते एकदा बघितलेलं बरं, म्हणून भोसरीच्या एका शेडमधलं सांगतो. बहिणीच्या गाडीचं पुढचं सगळं काम तिथेच झालं. मालक पन्नाशीचे, कमी बोलणारे. आधी बहिणीच्या शेजारी बसून गाडी तिलाच चालवायला लावली, वीस मिनिटं. मग रॅम्पवर घेऊन ऑइल खुणा असलेल्या पारदर्शक भांड्यात काढलं आणि किती निघालं ते खडूने फळीवर लिहिलं. चेंबर, म्हणजे बॉक्सखालचं ऑइलचं पात्र, उतरवून आतली चुंबकं वर्तमानपत्रावर ठेवली आणि बहिणीला बोलावलं. ‘बोट लावा.’ चुंबकावर काळपट राखाडी लेप होता, काजळासारखा मऊ. ‘हा चालतो, हा झिजेचा असतो. आता हे बघा.’ त्यांनी तो लेप बोटांत चोळून उन्हात धरला. त्यात बारीक चमकत्या कपच्या होत्या, बोटाला टोचणाऱ्या. ‘या चालत नाहीत.’ ऑइलचा वासही दिला, करपलेल्या फोडणीसारखा. बॉक्स उघडावा लागेल हे त्यांना तिला पटवून द्यावंच लागलं नाही, तिने ते बोटांनी पाहिलं होतं. काम झाल्यावर ऑइल भरलं, स्कॅनरवर तापमान बघत इंजिन चालू ठेवलं, लेव्हलचा बोल्ट काढला. आधी धार आली, मग धार बारीक झाली, मग थेंब पडायला लागले तेव्हा नवा वॉशर घालून बोल्ट टॉर्क पान्याने आवळला. या सगळ्यात बहिणीच्या नवऱ्याचं नाव एकदाही निघालं नाही.

तुमच्याही बाबतीत हाच क्रम राहू द्या. आधी माउंटिंग, प्लग, बेअरिंग, मग मॉड्यूलचं स्कॅनिंग, मग ऑइल काढून चुंबक आणि चेंबर. यात नुसताच मऊ लेप निघाला आणि कपच्या नसल्या, तर ओरिजिनल ऑइल भरून गाडी चालवून बघायची. एका खेपेत सगळं जुनं ऑइल निघत नाही, बरंच आतच राहतं. म्हणून पाचेकशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा काढून भरा. मशीन लावून जोरात फ्लश करायला माझं मन होत नाही, विशेषतः इतके दिवस हात न लागलेल्या बॉक्सला. दोनदा काढून भरलं तर खर्च थोडा वाढतो, पण प्रत्येक वेळी आतून काय निघतंय ते दिसतं. ‘हे ऑइल लाइफटाइम आहे’ असं कुणी म्हटलं तर मॅन्युअलमधलं कठीण वापराचं पान उघडून दाखवा. महिन्याला घाट, उन्हाळा आणि पुण्याची ट्रॅफिक, यापेक्षा कठीण वापर आणखी कोणता?

कपच्या निघाल्या, तर बॉक्स उघडावा लागेल. इथे एकच गोष्ट आधी लिहून घ्या: उतरवणं, उघडून तपासणं आणि दुरुस्ती न करता परत बसवणं याचे किती. हा आकडा ठरलेला नसला की बॉक्स टोपलीत सुट्ट्या भागांत पडतो आणि तुम्ही अडकता. त्यानंतर मालक सांगेल तो दर. आकडा ठरलेला असेल तर ‘परत बसवा, मी दुसरीकडे नेते’ म्हणायची सोय राहते. एस्टिमेट लेखी, जुने भाग परत, उघडताना फोटो, कामाची वॉरंटी किती महिने आणि कशाकशाची तेही लेखी. पक्कं बिल घ्या आणि त्यावर ऑइलचं पूर्ण नाव आणि लिटर लिहून घ्या. जीएसटी वाचवायला कच्चं बिल घेतलं तर पुढे भांडायला हातात काही उरत नाही. भांडायची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

काही जण म्हणतील, कुर्ल्याहून सेकंडहँड बॉक्स आणून टाकू, निम्म्यात होईल. तो कोणत्या गाडीचा, किती चाललेला, अपघातातला की पाण्यात बुडालेल्या गाडीचा, याचा कागद देत असतील तरच विचार करा. माझं मत विचाराल तर नको.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरबद्दल एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. तिथला ॲडव्हायझर तुम्हाला फसवायलाच बसलेला असतो असं नाही. अनेक ठिकाणी बॉक्स आतून उघडून दुरुस्त करायची पद्धतच नसते, बदलायचा एवढंच त्यांच्या हातात असतं. म्हणून ते ‘असेंब्ली’च म्हणणार. तुमची गाडी वॉरंटीत असती तर मीही तिथेच जा म्हणालो असतो. आधीच्या मालकाने वाढीव वॉरंटी घेतली होती का, एवढं मात्र त्यांच्याकडून चेसी नंबरवर बघून घ्या. आणि बाहेरच्या चांगल्या गॅरेजकडे जाताना अपराधी वाटून घेऊ नका. स्वतंत्र गॅरेजना सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं मिळत नाहीत, या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४मध्ये १४ कार कंपन्यांना दंड केला होता. त्या गॅरेजमध्ये जाण्याचा तुमचा हक्क आयोगाने तेव्हाच मानला आहे.

एक अजून, घाईत राहून जायला नको. गाडी रस्त्यात बंद पडलीच तर टोचन लावून ओढू देऊ नका, कुणी कितीही मदतीला आलं तरी. पुढची चाकं रस्त्यावर फिरत राहिली आणि इंजिन बंद असलं, की बॉक्समधला ऑइलचा पंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासले जातात. चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेड मागवा. विम्यात रोडसाइड असिस्टन्स आहे का ते आज रात्रीच बघून नंबर मोबाइलमध्ये घाला.

आता नंबरचं. पुढच्या गॅरेजमध्ये जॉब कार्डवर तुमचंच नाव आणि तुमचाच नंबर लिहून घ्या, आणि ‘गाडी मी चालवते, बोलायचं ते माझ्याशी’ एवढं शांतपणे सांगा. त्यानंतर समोरचा तुमच्याकडे वळून लक्षणं विचारायला लागला तर गाडी त्याच्याकडे ठेवायला हरकत नाही. न्यूट्रल-डीची परीक्षा आणि वळणावरचा आवाज, या दोन्हींचं काय झालं ते मला कळवा. ऑइल काढलं की चुंबकाचा फोटो काढायला विसरू नका, उजेडात, जवळून. तो पाठवलात तर बॉक्स उघडायचा की नाही, हे मी तुम्हाला जास्त खात्रीने सांगू शकेन.